राख्मानिनॉफच्या तबकड्या

श्रोतेहो, ज्या कलावंतानें आपलें वादन नभोवाणीवरून ऐकविलें जाऊं नये असा हट्ट शेवटपर्यंत धरला, त्याच्याविषयीं नभोवाणीवरूनच बोलावयास बसणें म्हणजे थोडी आगळीक आहे, याची मला जाणीव आहे. सर्गेइ राख्मानिनॉफ हा रशियन पियानोवादक व रचनाकार १९४३ सालीं अमेरिकेंत वारला. त्याच्या काळीं नभोवाणी ऐन भरांत होती आणि तिचे चालक त्याच्या होकाराची वाट पाहत होते. पण त्यानें होकार दिला नाहीं. १९३१ सालीं 'ग्रामोफोन' या इंग्रजी मासिकांत त्यानें आपलीं कारणें मांडलीं. त्या वेळच्या नभोवाणीचा आवाज त्याला सदोष वाटे, हें एक. दुसरें असें कीं, घरीं पाय पसरून, चिलीम ओढीत जें संगीत ऐकावयाचें तें ऐकणाऱ्याला फार सुखाचें होतें, आणि इतक्या सुखानें ऐकलेलें संगीत मनाला भिडत नाहीं. मात्र त्याच लेखांत त्यानें ग्रामोफोनची मनापासून स्तुति केली आहे. तेव्हां आज त्याच्याविषयीं आपल्याला जें कांहीं कानांनीं कळतें, तें बहुतेक सारें तबकड्यांतून. त्या तबकड्यांचा इतिहास आपल्यापुढें मांडावा, असा माझा विचार आहे.

राख्मानिनॉफचा जन्म १८७३ सालचा, नॉव्हगोरॉड प्रांतांतल्या जमीनदार घराण्यांतला. घराण्याची मालमत्ता त्याच्या लहानपणींच लयास गेली. मॉस्कोस निकोलाय झ्व्हेरेव्ह नांवाच्या कडक शिस्तीच्या गुरूच्या घरीं राहून तो शिकला. १८९२ सालीं मॉस्कोच्या संगीतविद्यालयाचें मोठें सुवर्णपदक घेऊन तो बाहेर पडला आणि त्याच वर्षीं, वयाच्या एकोणिसाव्या वर्षीं, त्यानें पियानोसाठीं सी शार्प मायनर या स्वरांतली एक छोटी रचना लिहिली. ती जगभर वाजूं लागली. पण रशियाबाहेर तिचे हक्क सुरक्षित नसल्यामुळें त्या लोकप्रियतेचा पैसा त्याच्या हातीं आला नाहीं. पुढें रशियांत तो मुख्यतः रचनाकार आणि वाद्यवृंदाचा संचालक म्हणून ओळखला जाऊं लागला. पियानोवर तो बसे, परंतु बहुधा स्वतःच्याच रचना वाजवावयास.

१९१७ च्या क्रांतीनें हें सारें पालटलें. तांबोव्ह प्रांतांतली इव्हानोव्हका ही त्याची आवडती शेतीवाडी गेली. त्या वर्षाच्या डिसेंबरांत स्वीडनमधील कार्यक्रमांचें आमंत्रण हातांत घेऊन, बायको व दोन मुली यांच्यासह, थोडक्या सामानानिशीं त्यानें देश सोडला. पुढें १० नोव्हेंबर १९१८ रोजीं, म्हणजे पहिल्या महायुद्धाची युद्धबंदी होण्याच्या आदल्या दिवशीं, तो न्यूयॉर्क बंदरांत उतरला. बॉस्टन व सिन्सिनाटी येथील वाद्यवृंदांनीं त्याला संचालकपद देऊं केलें होतें. तें त्यानें नाकारलें आणि पंचेचाळीसाव्या वर्षीं केवळ पियानोवादक म्हणून नवा संसार मांडावयाचें ठरविलें. बाख, बेटहोव्हन, शोपँ, शूमान, लिस्ट यांच्या रचना त्यानें नव्यानें हातांखालून घातल्या. ज्या वयांत दुसरे वादक शिकलेल्यावर निर्वाह करितात, त्या वयांत हा माणूस विद्यार्थ्यासारखा रोज घोटीत बसला. रचनाकाराला मात्र याची किंमत द्यावी लागली. देश सोडल्यापासून मरेपर्यंतच्या पंचवीस वर्षांत त्यानें अवघ्या सहा रचनांना कृतिक्रमांक दिले.

हें इतकें सांगण्याचें कारण असें कीं, ज्या राख्मानिनॉफला आपण तबकड्यांत ऐकतों तो हा निर्वासित राख्मानिनॉफ होय. त्याचें पहिलें मुद्रण एप्रिल १९१९ मधलें आहे. मॉस्कोंतला तरुण राख्मानिनॉफ कसा वाजवीत असे, हें आपल्याला लोकांच्या आठवणींवरूनच जाणून घ्यावें लागतें.

तें पहिलें मुद्रण टॉमस एडिसनच्या कंपनीनें न्यूयॉर्क येथें केलें. त्या काळीं ध्वनिवर्धक नव्हता. पियानोसमोर एक मोठा कर्णा ठेवीत. कर्ण्याच्या निमुळत्या टोकाशीं पडदा, पडद्याला सुई, आणि सुईखालीं फिरणारें मेणाचें तबक. वादकानें जो स्वर उठवावा त्याच्याच जोरानें सुईनें मेण कोरावें, अशी ती सारी व्यवस्था. पियानो हें वाद्य तिच्या फारसें पचनीं पडत नसे. खर्जाचे स्वर विरून जात, वरचे स्वर पत्र्यावर टिचकी मारल्यासारखे ऐकूं येत, आणि नाद मागें रेंगाळण्याची पियानोची जी खरी शोभा, ती तर जवळजवळ नाहींशीच होई. तरीही लिस्टची दुसरी हंगेरियन रॅप्सडी त्यानें तेव्हां मुद्रित केली आणि शेवटाकडे स्वतः रचलेला एक लांबलचक स्वैर भाग जोडला. पृष्ठभागाच्या खरखरीतूनही त्या बोटांचा नेमकेपणा कानांवर येतो. पण एडिसनशीं त्याचें जमलें नाहीं. एकाच रचनेचीं जीं अनेक मुद्रणें झालीं होतीं, त्यांपैकीं त्याला पसंत नसलेलींही कंपनीनें विकावयास काढलीं. राख्मानिनॉफला हें खपण्यासारखें नव्हतें. १९२० सालीं त्यानें व्हिक्टर कंपनीशीं करार केला आणि तो तिच्याचकडे अखेरपर्यंत राहिला.

याच सुमारास आणखी एका यंत्रानें त्याचें वादन टिपलें. अँपिको कंपनीच्या पियानोंत कागदाचें भेंडोळें बसविलें म्हणजे त्यावरील छिद्रांच्या अनुरोधानें पट्ट्या आपोआप खालीं-वर होत. अशा भेंडोळ्यांसाठीं त्यानें १९१९ पासून १९२९ पर्यंत वादन केलें. त्यांची संख्या पस्तीस भरते. हीं भेंडोळीं आज चांगल्या पियानोवर लाविलीं कीं स्वच्छ, भरदार नाद निघतो. खरखर नाहीं, कांहीं नाहीं! साहजिकच पुष्कळांना वाटतें कीं, हाच खरा राख्मानिनॉफ. परंतु येथें सावध राहावयास हवें. कोणता स्वर केव्हां वाजला हें भेंडोळें सांगतें; तो किती जोरानें वाजला, हें कारखान्यांतल्या माणसांनीं मागाहून जुळवून घेतलेलें असे, आणि चुकीचे स्वर बुजविलेलेही असत. इतिहासाच्या अभ्यासकापुढें एक धुरकट पण अस्सल हस्तलिखित असावें आणि शेजारीं त्याचीच सुवाच्य पण दुसऱ्यानें दुरुस्त केलेली नक्कल असावी, तसा हा प्रकार आहे. नक्कल उपयोगाची खरी. पण वाद उपस्थित झाला कीं निकाल हस्तलिखितावरून लागावयाचा.

आतां व्हिक्टरच्या तबकड्यांकडे वळूं. त्या काळच्या बारा इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारें साडेचार मिनिटांचें संगीत मावे. तीन-साडेतीन मिनिटांत अख्खा ख्याल आटोपणाऱ्या जुन्या तबकड्या आपल्यापैकीं ज्यांनीं ऐकल्या असतील, त्यांना ही अडचण वेगळी समजावून सांगावयास नको. मोठी रचना तुकड्यातुकड्यांनीं घ्यावयाची, आणि प्रत्येक तुकडा मात्र एका दमांत, अखंड वाजवावयाचा. पुढें चुंबकीय फीत आली, तेव्हांपासून चुकलेला स्वर कापून तेथें बरोबर स्वर जोडतां येऊं लागला. राख्मानिनॉफच्या वेळीं तशी सोय नव्हती. चौथ्या मिनिटाला बोट घसरलें तर ती बाजू फुकट, आणि पुन्हा पहिल्यापासून आरंभ. त्यानें एकदां सांगितलें आहे कीं, चांचणीची तबकडी करतांना आपण निर्धास्त असतों. पण आतां वाजवूं तें कायमचें राहणार असें मनांत आलें कीं आपले हात ताठरतात. हजारों लोकांपुढें दगडासारखा निश्चल बसणारा हा वादक एका मुक्या यंत्रापुढें भीत असे.

ही भीति त्यानें कष्टानें जिंकली. फ्रिट्झ क्रायस्लर हा थोर व्हायोलिनवादक त्याचा स्नेही. दोघांनीं मिळून १९२८ सालीं बेटहोव्हन, शूबर्ट आणि ग्रीग यांचे प्रत्येकीं एक असे तीन सोनाटे मुद्रित केले. पैकीं ग्रीगच्या सोनाट्याची हकीकत राख्मानिनॉफनेंच सांगून ठेवली आहे. त्याच्या सहा बाजू. प्रत्येक बाजू पांच वेळां वाजविली. अशा तीस तबकड्यांतून सहा निवडल्या आणि उरलेल्या नष्ट केल्या. क्रायस्लरला एवढी मेहनत रुचली नसावी, असा मिस्किल शेराही त्यानें मारला आहे. आपण वाचतांना हंसतों, परंतु मनाला एक चुटपूट लागतेच. त्या चोवीस तबकड्यांत काय असेल? एखादा स्वर चुकलेला, पण एरवीं अधिक रंगलेला असा प्रसंग त्यांत नसेलच कशावरून? निवड करणारा स्वतः कलावंतच होता, एवढेंच काय तें समाधान.

१९२५ सालापासून विजेच्या साह्यानें मुद्रण होऊं लागलें आणि पियानोच्या तबकड्यांना नवें आयुष्य मिळालें. सी शार्प मायनरमधली ती एकोणिसाव्या वर्षाची छोटी रचना त्यानें तीन वेळां तबकडीवर उतरविली. १९१९ सालीं एडिसनसाठीं, १९२१ सालीं व्हिक्टरसाठीं कर्ण्यानें, आणि १९२८ सालीं ध्वनिग्राहकासमोर. या तिन्ही एकापाठोपाठ ऐकल्या म्हणजे नऊ वर्षांत यंत्र किती पुढें गेलें आणि वादक किती थोडा बदलला, हें सहज ध्यानांत येतें.

त्याच्या वादनाचें मर्म कोणतें? त्याच्या परिचितांनीं एक गोष्ट नमूद केली आहे. प्रत्येक रचनेंत एक परमोच्च बिंदु असतो, असें तो मानी. तो बिंदु जोरकसच असला पाहिजे असें नाहीं. कधीं तो अगदीं हळुवारही असेल. पण सारी रचना त्याच्याकडे अचूक चालत गेली पाहिजे. तो हुकला कीं सगळी इमारत ढासळली. मैफलीनंतर लोक टाळ्या वाजवीत असतां हा खिन्न बसलेला असे, कारण काय तर तो बिंदु निसटला! हें ध्यानांत ठेवून शूमानचा 'कार्निव्हल' (१९२९) किंवा शोपँचा बी फ्लॅट मायनर सोनाटा (१९३०) ऐकावा. या सोनाट्यांत ती प्रसिद्ध शवयात्रा आहे. शोपँनें लिहिल्याप्रमाणें मधला शांत भाग संपल्यावर यात्रेचे स्वर हलकेच परत यावयाचे. राख्मानिनॉफ तेथें पूर्ण जोरानें कोसळतो आणि मग यात्रा हळूहळू दूर जाते, विरते. ही युक्ति त्याच्या पदरची नव्हे. आंतोन रुबिनस्टाइन या मागल्या पिढीच्या रशियन महावादकाची ही रीति होती, आणि १८८५-८६ च्या हंगामांत मॉस्कोस झालेल्या त्याच्या ऐतिहासिक कार्यक्रमांना झ्व्हेरेव्ह आपल्या शिष्यांना घेऊन जात असे. बारा-तेरा वर्षांच्या मुलानें जें ऐकलें तें सत्तावन्नाव्या वर्षीं अमेरिकेंत मेणावर उमटलें. रुबिनस्टाइनचें वादन आज आपल्याला या अशाच वाटेनें, म्हणजे शिष्यांच्या आणि श्रोत्यांच्या बोटांतून कळावयाचें.

स्वतःच्या रचना वाजवितांना तर तो पुष्कळांचा अपेक्षाभंग करितो. त्याचें संगीत म्हणजे उसासे आणि अश्रु, अशी समजूत रूढ आहे. एप्रिल १९२९ मध्यें लिओपोल्ड स्टोकॉव्स्कीच्या संचालनाखालीं फिलाडेल्फियाच्या वाद्यवृंदाबरोबर त्यानें आपला दुसरा कॉन्चेर्टो मुद्रित केला. त्यांत ज्या जागीं दुसरे वादक थबकून, स्वर ओढून, डोळे ओले करूं पाहतात, तेथें हा बांधेसूद चालीनें पुढें जातो. भाव आहे, परंतु त्यावर लगाम आहे. पॅगानिनीच्या विषयावरील रॅप्सडी प्रथम ७ नोव्हेंबर १९३४ रोजीं बाल्टिमोरला वाजविली गेली, आणि २४ डिसेंबरला तिचें मुद्रणही झालें. रचनेची शाई वाळते न वाळते तोंच कर्त्याच्या हातची प्रत तयार! पहिल्या व तिसऱ्या कॉन्चेर्टोचें मुद्रण १९३९-४० च्या हिंवाळ्यांत आणि चौथ्याचें डिसेंबर १९४१ मध्यें झालें. तेव्हां संचालक यूजीन ऑर्मंडी होता. तिसऱ्या कॉन्चेर्टोंत मात्र त्यानें कित्येक जागा गाळल्या आहेत. केवळ तबकडीच्या बाजू मोजून नव्हे, तर आपलें लिखाण लांबलें आहे अशी शंका त्याला नेहमींच पोखरीत असे म्हणूनही. त्याच्या 'कोरेल्ली'वरील रचनेची गोष्ट याच मासल्याची आहे. ती जाहीरपणें वाजवितांना श्रोत्यांत खोकला वाढला कीं तो पुढचा भाग गाळी, आणि तसें त्यानें आपल्या मित्राला पत्रांत कळविलें. ज्याच्या कीर्तीनें सभागृहें भरत, त्याच्या मनांत स्वतःविषयीं एवढा अविश्वास होता.

जें मुद्रित झालें त्याचा हा हिशेब. जें झालें नाहीं तें आठवलें कीं वाईट वाटतें. लिस्टचा बी मायनर सोनाटा तो मैफलींत वाजवी. त्याची तबकडी नाहीं. बेटहोव्हनचा शेवटला पियानो सोनाटा वाजवी, तोही नाहीं. आपल्या 'कोरेल्ली' रचनेचीही त्यानें तबकडी केली नाहीं. त्याची अखेरची मोठी कृति म्हणजे 'सिंफॉनिक डान्सेस'. ती दोन पियानोंवर तो व व्लादिमीर हॉरोविट्झ मित्रमंडळींत वाजवीत. कोणत्याही कंपनीनें तें टिपून घेतलें नाहीं. फेब्रुवारी १९४२ मध्यें हॉलिवुड येथें तो शेवटचा मुद्रणाला बसला, आणि त्या वेळीं त्यानें जें वाजविलें त्यांत चायकॉव्स्कीच्या एका अंगाईगीताचें त्यानें केलेलें रूपांतर होतें. त्या वर्षाच्या १ ऑगस्टला अमेरिकेंतील वादकांच्या संघानें ध्वनिमुद्रणावर बहिष्कार पुकारला. वादकांच्या पोटाचा प्रश्न होता, आणि त्यांची तक्रार खोटी नव्हती. पण व्हिक्टरशीं तडजोड होण्यास नोव्हेंबर १९४४ उजाडला. तोंवर राख्मानिनॉफ राहिला नव्हता. १७ फेब्रुवारी १९४३ रोजीं टेनेसी संस्थानांतल्या नॉक्सव्हिल गांवीं त्यानें शेवटचा कार्यक्रम केला. त्यांत शोपँचा तोच शवयात्रेचा सोनाटा होता. २८ मार्चला बेव्हर्ली हिल्स येथें कर्करोगानें त्याचा अंत झाला.

येथें ही कथा संपती तर बरें झालें असतें, कारण मग आपल्यापुढें कांहीं प्रश्न उरला नसता. परंतु २०१८ सालीं एक निराळेंच मुद्रण प्रसिद्ध झालें. डिसेंबर १९४० मध्यें, 'सिंफॉनिक डान्सेस'चा पहिला प्रयोग दोन आठवड्यांवर आला असतां, राख्मानिनॉफ ऑर्मंडीच्या घरीं गेला होता. संचालकाला रचना समजावी म्हणून त्यानें ती पियानोवर वाजवून दाखविली. मधल्या जागा गाळीत, मागें-पुढें उड्या घेत, वाद्यांचे स्वर गुणगुणत, मध्येंच एखादा शब्द बोलत. घरांतल्या यंत्रावर हें सारें टिपलें गेलें, आणि तें त्याला ठाऊक नसावें, असें जाणकार मानतात. या वादनांतला राख्मानिनॉफ तबकड्यांतल्यापेक्षां वेगळा आहे. हात ताठरलेले नाहींत. लय वाऱ्यावरच्या शेतासारखी लवते, खर्ज गरजतो, आणि एकटा पियानो संपूर्ण वाद्यवृंदाएवढा होऊन बसतो. वर्षानुवर्षें त्याच्या तबकड्या ऐकलेले लोक हें ऐकून चकित झाले, यांत नवल नाहीं.

आतां प्रश्न असा. ज्या माणसानें सहा बाजूंसाठीं चोवीस तबकड्या नष्ट केल्या, ज्यानें आपल्या परवानगीवांचून तबकड्या विकल्या म्हणून एक कंपनी सोडली, त्याचें चोरून टिपलेलें वादन आपण ऐकावें कीं नाहीं? एक पक्ष म्हणेल, कलावंताची इच्छा हाच शेवटचा शब्द. दुसरा म्हणेल, कलावंत गेला, आतां तें जगाचें धन आहे. मला वाटतें, ऐकावें. पण तें काय आहे हें ओळखून ऐकावें. तो मैफलीचा कार्यक्रम नव्हे. एका कारागिरानें दुसऱ्या कारागिराला दाखविलेलें काम आहे तें. दार किलकिलें होतें म्हणून तें आपल्या कानीं पडलें, एवढेंच. आणि त्याच्या पसंतीच्या तबकड्यांची किंमत त्यामुळें कमी होत नाहीं. त्या ऐकतांना मात्र आपण आतां ध्यानांत ठेवावें कीं, ही या माणसाच्या वादनाची सीमा नव्हे. जें कायमचें राहिलें तर आपली हरकत नाहीं असें त्याला वाटलें, तेवढेंच हें आहे.

त्याची अधिकृत मुद्रणें १९७३ सालीं, जन्मशताब्दीच्या निमित्तानें, लांब वेळेच्या तबकड्यांवर निघालीं आणि १९९२ सालीं दहा चकत्यांच्या संचांत एकत्र झालीं. तेवीस वर्षांचा उद्योग दहा चकत्यांत मावला! पण एकेक बाजू किती वेळां पुन्हा वाजविली असेल हें मनांत आणलें म्हणजे हा संच लहान वाटत नाहीं.

श्रोतेहो, आपल्यापैकीं कोणाला हा वादक ऐकण्याची इच्छा झाली तर १९३० सालच्या शोपँच्या सोनाट्यापासून आरंभ करावा. पहिलीं दोन मिनिटें खरखर जाणवेल, मग कान तिला सरावतील. शवयात्रा परत येईल तेव्हां मघां सांगितलेली रुबिनस्टाइनची आठवण असूं द्यावी. आणि एवढी एक विनंती, कीं त्या वेळीं हातांतलें काम बाजूस ठेवावें, पाय पसरूं नयेत, आणि सरळ बसून ऐकावें. नभोवाणीवर त्याचा जो राग होता त्याची तेवढी तरी भरपाई आपल्या हातून व्हावी.